लिहीत असलेल्या कादंबरीतला उतारा वाचकांपुढे कसा ठेवावा

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात ‘उतारा’ म्हटले की पहिल्यांदा आठवतो तो शेताचा उतारा: सर्व्हे नंबर, क्षेत्र, मालकाचे नाव, कुळाचे नाव आणि असलाच तर सोसायटीचा बोजा. सगळे दप्तर कचेरीत असते, आपल्या हातात येतो तो त्यातला एक कागद. पण बँकेचा माणूस काय, सोयरे काय आणि भाऊबंद काय, सगळे त्या एका कागदावरूनच तुमची जमीन जोखतात. मी सध्या लिहीत असलेली कादंबरी अशाच एका उताऱ्यावर आपले नाव चढावे म्हणून धडपडणाऱ्या कुळाच्या विधवेची आहे. कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली आणि कसणाऱ्या कुळाला सात नंबरचा अर्ज भरून तालुक्याच्या न्यायमंडळापुढे, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘ट्रिब्युनल’पुढे, आपला हक्क सांगता येऊ लागला. त्या काळातल्या एका बाईची ही गोष्ट आहे. तिच्या साडेतीनशे हस्तलिखित पानांपैकी सहा पाने मी गेल्या हिवाळ्यात एका ग्रामीण साहित्य संमेलनात वाचली. त्यानंतर आपल्या भागातल्या काही नव्या कादंबरीकारांनी मला विचारले की, पुरी न झालेली कादंबरी लोकांना दाखवावी का, दाखवायची तर कोणता भाग, किती आणि कसा. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी वेळेविषयी. काल रात्री लिहिलेले पान आज कोणाला तरी ऐकवावे अशी ओढ प्रत्येक लिहिणाऱ्याला असते, आणि नेमके तेच पान दाखवू नये. मी माझ्या आधीच्या कादंबरीच्या वेळी ही चूक केली. नायकाच्या आजोबांच्या मृत्यूचे प्रकरण लिहून चार दिवस झाले होते आणि मी ते एका घरगुती बैठकीत वाचले. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, मलाही फार समाधान वाटले, आणि त्यानंतर आठ महिने मला त्या कादंबरीचे एक वाक्य पुढे सरकवता आले नाही. जे सांगण्यासाठी मी लिहीत होते, ते सांगून झाल्यासारखे मनाला वाटू लागले होते. शेवटी ते प्रकरण मला कादंबरीतून काढावे लागले, कारण पुढच्या भागाला त्याची गरजच उरली नव्हती. आणि पुस्तक आल्यावर बैठकीतल्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो हाच की, ते आजोबांचे प्रकरण कुठे गेले.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. ज्या भागाचा आकार ठरून निदान चार महिने झाले आहेत, ज्याच्या पुढचे आणि मागचे प्रकरण कच्चे का होईना पण लिहून झाले आहे, तोच भाग चारचौघांत न्यावा. ज्याविषयी शंका आहे असा भाग दाखवायचाच असेल तर तो एकाच जाणत्या माणसाला, बंद दाराआड दाखवावा आणि त्याला नेमका प्रश्न विचारावा. चारचौघांना शंकेचा भाग दाखवला तर चार दिशांनी ओढाताण होते, आणि ती सोसण्याइतकी ताकद कच्च्या लेखनात नसते.

कोणता भाग निवडावा

पहिले प्रकरण निवडणे सोपे वाटते, कारण त्याला मागचा संदर्भ लागत नाही. मला ते पटत नाही. पहिले प्रकरण हे कादंबरीचे दार असते, ते पुढच्या तीनशे पानांसाठी माणसे आणि जागा मांडत असते, त्यामुळे सुटे वाचले की ते लांबलेल्या प्रस्तावनेसारखे वाटते. शिवाय ते सर्वांत शेवटी पुन्हा लिहावे लागण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. शेवटचा भाग तर दाखवायचाच नाही, हे सांगायला नको. मधले असे प्रसंग शोधावेत ज्यांत एक छोटा प्रश्न प्रसंगातच उभा राहतो आणि प्रसंगातच त्याचे काहीतरी होते. माझ्या कादंबरीत न्यायमंडळाचा निकाल काय लागतो हा मोठा प्रश्न आहे, तो मी झाकून ठेवला आहे. गंगूबाई कचेरीत जाते, तिचा अर्ज दप्तरात सापडतो की नाही, एवढाच प्रश्न मी वाचलेल्या सहा पानांत होता.

निवड तपासण्याची माझी एक साधी रीत आहे. तो प्रसंग समजण्यासाठी वाचकाला आधी काय काय ठाऊक असावे लागते ते एका कागदावर लिहून काढावे. तीन गोष्टींच्या आत भागत असेल तर प्रसंग उताऱ्याच्या कामाचा आहे. चौथी गोष्ट आली की दुसरा प्रसंग हुडकावा. चौथी गोष्ट मजकुरात कोंबून बसवण्याच्या भानगडीत पडू नये. पात्रेही दोन किंवा तीन असावीत. आमच्याकडे एकाच घरात तात्या, आप्पा, अण्णा, दाजी, थोरली आक्का आणि धाकटी आक्का नांदत असतात. पूर्ण कादंबरीत वाचक त्यांना ओळखू लागतो, पण सहा पानांत तो फक्त हरवतो.

उतारा कुठे थांबवावा याविषयी एक गैरसमज आहे, तो इथेच दूर केलेला बरा. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने येत असत. तिथे वाचकाला पुढचे प्रकरण मिळणार असते, म्हणून प्रसंग ऐन रंगात तोडणे योग्य आणि हक्काचे ठरते. आपल्या उताऱ्यानंतर पुढचे पान यायला दोन वर्षे लागतील, कदाचित जास्तही. इतक्या काळासाठी कोणाला अधांतरी लटकवून ठेवणे हे वाचकाशी सरळ वागणे नव्हे, आणि तो तोवर विसरूनही जातो. म्हणून प्रसंग जिथे आपोआप विसावतो तिथेच थांबावे. मी गंगूबाई कचेरीच्या पायरीवर बसून चपलेचा तुटलेला अंगठा दोऱ्याने बांधते तिथे थांबले.

भाषेचे काय करावे

सीमाभागात लिहिणाऱ्याला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त छळतो. आपली माणसे बोलतात त्यात बेळगावी मराठी असते, मधूनमधून कन्नड असते, खानापूरच्या पश्चिमेकडे कोकणीची झाक असते. पूर्ण कादंबरीत वाचकाचा कान हळूहळू तयार होतो. उताऱ्यात त्याला ती सवड नसते. अशा वेळी बहुतेक जण एक तर बोली पुसून टाकतात किंवा प्रत्येक कन्नड शब्दामागे अर्थ जोडतात. दोन्हींमुळे माणूस खोटा वाटू लागतो. अर्थ पुढच्या माणसाच्या उत्तरातून उलगडू द्यावा, हा उपाय मला सर्वांत टिकाऊ वाटतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात असे होते:

“नाळे बर्री,” म्हणजे उद्या या, असे कारकुनाने तिला कन्नडमधून सांगितले. हे ऐकून गंगूबाईला वाईट वाटले, कारण तिला रोज येणे परवडण्यासारखे नव्हते.

संमेलनात वाचण्याआधी मी ते असे केले:

“नाळे बर्री, अव्वा.”
“उद्या माझी म्हस कोण राखतंय, साहेब? सकाळधरनं पाच मैल चालत आलो की मी. आजच बघा.”

‘उद्या’ हा शब्द तिच्या तोंडी आला की कन्नड न जाणणाऱ्या सोलापूरच्या किंवा नाशिकच्या वाचकालाही कारकून काय म्हणाला ते कळते, आणि वाईट वाटल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. ‘अव्वा’ या एका शब्दाने कारकून तिला आईच्या वयाची मानतो हेही आले. जिथे उत्तरातून अर्थ निघू शकत नाही असे कन्नड वाक्य उताऱ्यापुरते गाळावे; मूळ संहितेत ते जसेच्या तसे राहू द्यावे.

त्या संवादात गंगूबाई ‘आलो’ म्हणते याकडे लक्ष द्यावे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पण लांबच्या संपादकाला किंवा मुद्रितशोधकाला ती लिंगाची चूक वाटते आणि तो प्रामाणिकपणे ‘आले’ करून टाकतो. एका अंकात माझ्या जुन्या कथेतल्या म्हातारीचे सगळे बोलणे असे सुधारले गेले होते, आणि छापून आलेली ती बाई मला माझ्या गावची वाटेना. म्हणून उताऱ्यासोबत बोलीचे रूप हेतुपूर्वक ठेवले आहे असे स्वच्छ लिहून द्यावे आणि शक्य असेल तर मुद्रिते आपण स्वतः पाहावीत.

तुकड्यातून पात्रावर अन्याय होऊ नये

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्ण कादंबरीत माणूस पालटत जातो, उताऱ्यात तो एकाच क्षणात अडकतो. माझ्या कादंबरीतला कन्नडभाषक कारकून पुढे तिच्या अर्जाची हरवलेली पोच स्वतःच्या कपाटातून शोधून काढतो. पण मी निवडलेल्या प्रसंगात तो तिला फक्त परत पाठवतो. बेळगावात १९४६ साली भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून आपल्याकडचे मराठी व्यासपीठ हे नुसते साहित्याचे राहिलेले नाही; तिथून जे वाचले जाते ते भूमिका म्हणूनही ऐकले जाते, आणि त्यामागे लोकांनी सोसलेली कितीतरी वर्षे आहेत. अशा ठिकाणी परतवून लावणारा कन्नड कारकून एवढेच चित्र मी ठेवले असते, तर ऐकणाऱ्यांनी त्याला शत्रू ठरवून टाळ्या दिल्या असत्या, आणि त्या टाळ्या माझ्या पुस्तकाशी विसंगत झाल्या असत्या. गंगूबाईचा राग खरा आहे. आपल्या भाषेत कागद न मिळण्याचे तिचे दुःखही खरे आहे आणि ते मी एका शब्दानेही सौम्य केले नाही. पण अंगठा उठवून झाल्यावर तिच्या बोटाची शाई पुसायला कारकून स्वतःचे फडके पुढे करतो, हे मूळ संहितेत दोन पानांनंतर येणारे वाक्य मी उताऱ्यात अलीकडे आणले. उताऱ्यापुरता असा क्रम बदलायला हरकत नाही. आपल्या निवडलेल्या भागातल्या प्रत्येक पात्राकडे पाहून विचारावे की, याला कोणी फक्त एवढ्यावरून ओळखले तर ते मला चालेल का.

खऱ्या माणसांबाबतही हेच, अधिक जपून. गाव लहान असते. विहिरीचे वर्णन आले तरी लोक मळा ओळखतात आणि मळ्यावरून घर. ज्यांच्या आठवणींवरून प्रसंग बेतला आहे त्यांना तो जाहीर होण्याआधी घरी जाऊन वाचून दाखवावा. जमिनीचे जुने वाद अजून कोर्टात असतात, तेव्हा सर्व्हे नंबर, वाडीचे नाव, भावांची संख्या हे सगळे बदलावे. हे काम पुस्तक छापताना करू असे म्हणून चालत नाही, कारण उतारा पुस्तकाच्या कितीतरी आधी गावात पोहोचतो.

तारखा आणि नावे

उतारा आपल्याच भागात वाचला जाणार असेल तर त्यातल्या तपशिलाची चूक पहिल्याच रांगेत पकडली जाते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १ नोव्हेंबर १९७३ रोजी. आणि शहराचे नाव सरकारी कागदावर बेळगावी झाले २०१४ साली. माझा प्रसंग १९७५ चा आहे, म्हणून निवेदनात मी कर्नाटक सरकार लिहिले. पण गंगूबाईचा सासरा अजून ‘म्हैसूर सरकार’च म्हणतो, कारण दोन वर्षांत म्हाताऱ्या माणसाच्या जिभेवरचे नाव बदलत नाही. उतारे हाताने लिहिलेले असत, संगणकावरचे उतारे ‘भूमी’ योजनेनंतर, म्हणजे २००० च्या सुमारास आले. त्यामुळे शाईचा डाग, कागदाची घडी, कारकुनाचे अक्षर यांना माझ्या प्रसंगात जागा आहे. पाच मैलांचे अंतरही मी प्रत्यक्ष चालून पाहिले.

सोबतचे टिपण

उताऱ्याच्या आधी चार ओळींचे टिपण हवे, त्याहून मोठे नको. कादंबरीचा विषय काय, ती मला का सुचली, तिच्यातून काय सांगायचे आहे, हे त्यात येऊ नये. ते सांगून टाकले की वाचक उतारा वाचत नाही, आपले म्हणणे तपासत बसतो. मी वाचण्यापूर्वी एवढेच सांगितले: “खानापूर तालुका, १९७५ चा पावसाळा. नवऱ्यामागे कुळाची जमीन कसणारी गंगूबाई आपल्या सात नंबरच्या अर्जाची चौकशी करायला कचेरीत आली आहे. लेखन चालू असलेल्या कादंबरीतील हा अंश आहे.” छापील मजकुराला मी बोलीविषयीचे एक वाक्य जोडते. कादंबरीचे नाव जाहीर करण्याची घाई करू नये. नाव बदलते, आणि जुने नाव लोकांच्या तोंडी बसले की नवे नाव परके वाटू लागते.

कुठे, किती

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून भरणाऱ्या ग्रामीण संमेलनांत ग्रंथदिंडीपासून कविसंमेलनापर्यंत भरगच्च कार्यक्रम असतो, आणि कादंबरीचा अंश वाचायला वेळ मिळतो तो बहुधा जेवणानंतर. पंधरा मिनिटे दिली असतील तर बारा मिनिटांचाच मजकूर न्यावा. मोठ्याने, ठेहराव घेत वाचताना माझे मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, म्हणजे बारा मिनिटांना तेराशे शब्द. घरी घड्याळ लावून दोनदा वाचावे, कारण मनातल्या मनात वाचण्याचा वेग फसवा असतो. कानाला लांब वर्णन पेलत नाही. छापण्याच्या प्रतीत ठेवलेली दोन वर्णने मी वाचण्याच्या प्रतीतून काढली होती.

दिवाळी अंकाचा हिशेब वेगळा आहे. तो अंक आपल्याकडच्या वाचनालयांत वर्षभर हातोहात फिरतो, म्हणून तिथे दिलेला अंश पुढच्या उन्हाळ्यातही वाचला जाईल असे धरून चालावे. अंकांची तयारी पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा मजकूर ज्येष्ठ-आषाढातच हातावेगळा करावा लागतो. संपादकाला तो मजकूर पूर्वी कुठे प्रसिद्ध झाला आहे का हे स्पष्ट सांगावे. फोनवरून गटागटांत पाठवलेला मजकूरही पुष्कळ संपादक प्रसिद्ध झालेलाच धरतात. प्रकाशकाशी करार झाला असेल तर अंश छापण्याविषयी त्यात काय म्हटले आहे ते आधी वाचावे आणि त्याची लेखी संमती घ्यावी. लेखनावरचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याक्षणीच लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही तारखेसह एक प्रत स्वतःला इमेलने पाठवून ठेवावी. फोनवर मजकूर पाठवायचा असेल तर आपले नाव आणि ‘आगामी कादंबरीतील अंश’ हे शब्द मजकुराच्या आतच, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत घालावेत, कारण पुढे पाठवताना लोक वरचे शीर्षक सोडून देतात.

वाचून झाल्यावर

प्रतिक्रिया येतील त्या एका वहीत तारीख घालून लिहून घ्याव्यात आणि महिनाभर संहितेला हात लावू नये. महिन्यानंतर वही उघडली की त्यात तीन प्रकार दिसतात. स्तुती बाजूला ठेवावी. कथा अशी वळवा, शेवट असा करा, तिचे नाव उताऱ्यावर लागलेच पाहिजे, असे सांगणाऱ्या सूचना प्रेमाने आलेल्या असतात, पण त्या त्यांच्या मनातल्या कादंबरीसाठी असतात. तिसरा प्रकार थोडा असतो आणि तोच खरा कामाचा: ज्याने तो काळ पाहिला आहे त्याने सांगितलेला तपशील.

माझे वाचन संपल्यावर एक वयस्क गृहस्थ थांबून राहिले होते. मंडप रिकामा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, सगळं बरोबर हाय, पण ती पोचपावती तुम्ही ट्रंकेत ठेवलीसा. ट्रंक कुणाकडं होती वो? आमच्या आईनं भाताच्या कणगीत ठेवली होती, पिशवीत घालून. दर पावसाळ्यात काढून ऊन द्यायची.” मी त्यांच्याकडून ती पिशवी कशाची होती, तोंड कशाने बांधले होते, कागदाला वास कसा येई, हे सगळे तिथेच वहीत लिहून घेतले. महिना गेल्यावर मी हस्तलिखितातली ट्रंक काढली. पोच कणगीत गेल्यामुळे सतराव्या प्रकरणात भात विकायला काढण्याचा प्रसंग नव्याने लिहावा लागला, आणि तो सध्या माझ्या मेजावर आहे. तो मी कोणाला दाखवलेला नाही.